न्यू हॅम्पशायरची प्रायमरी : जानेवारी २०२४

शुक्रवार, १९ जानेवारी : कॉन्कॉर्ड

बॉस्टनहून उत्तरेकडे जाणारा ९३ क्रमांकाचा महामार्ग मॅसॅच्युसेट्सची हद्द ओलांडतो आणि त्यानंतर पाऊण तासात न्यू हॅम्पशायरची राजधानी कॉन्कॉर्ड येते. राज्याची वस्ती जेमतेम चौदा लाख आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याहूनही कमी. तरीही दर चार वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची पहिली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडण्याची निवडणूक, इथेच होते, आणि त्यामुळे त्या हिवाळ्यात साऱ्या देशाचे कॅमेरे या बर्फाळ गावांमध्ये येऊन उभे राहतात. या वर्षी मतदान मंगळवारी २३ तारखेला होते. मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या माझ्या मुलीने रजा काढली आणि नॅशुआत राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या घरी आमचा मुक्काम ठरला.

भाषणांपेक्षा मला ओढ होती ती मतदान केंद्रावरच्या टेबलाची, यादीची आणि पेटीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करताना निवडणुकीचे काम कोणाला चुकत नाही. मी ते कागदी मतपत्रिकेच्या काळापासून यंत्रे येईपर्यंत केले, आणि केंद्राध्यक्ष म्हणून रात्री उशिरा तालुक्याला पेट्या जमा करण्यासाठी रांगेतही उभी राहिले. मनात आणखी एक कुतूहल होते. आपल्याकडे मतदार आमदार-खासदार निवडतो, परंतु पक्षाचा उमेदवार कोण हे त्याला कोणी विचारत नाही. अर्ज भरण्याची मुदत संपत येते तेव्हा पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाच्या तरी हातात पडतो आणि वीस वर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला आपण कुठे आहोत ते त्या क्षणी कळते. हा फॉर्म देण्याचा अधिकार सामान्य मतदाराकडे असता, तर व्यवहारात ते कसे दिसले असते, हे मला प्रत्यक्ष पाहायचे होते.

कॉन्कॉर्डचे विधानभवन १८१९ सालचे आहे. सोनेरी घुमटाच्या या इमारतीत विधिमंडळ आजही मूळच्याच सभागृहांत भरते. एवढ्याशा राज्याच्या कनिष्ठ सभागृहात चारशे सदस्य आहेत आणि त्यांना वर्षाला शंभर डॉलर मानधन मिळते. याच इमारतीत राज्य सचिवांचे कार्यालय आहे. तिथे जाऊन एक अर्ज भरायचा आणि एक हजार डॉलर शुल्क द्यायचे की अध्यक्षपदाच्या प्रायमरीतली उमेदवारी पूर्ण होते. सह्यांचे गठ्ठे लागत नाहीत आणि पक्षाची शिफारसही लागत नाही. त्यामुळे या वर्षी रिपब्लिकन मतपत्रिकेवर चोवीस आणि डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर एकवीस नावे छापली गेली. त्यांत डोक्यावर उलटा बूट घालून फिरणारे आणि प्रत्येक नागरिकाला एक तट्टू देण्याचे आश्वासन देणारे व्हर्मिन सुप्रीम हे गृहस्थही होते. विद्यमान अध्यक्ष जो बायडन यांचे नाव मात्र त्या एकवीस नावांत नव्हते.

हे असे का घडले, ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. न्यू हॅम्पशायरने १९१३ साली प्रायमरीचा कायदा केला आणि १९१६ साली पहिली प्रायमरी घेतली. ती मार्चमधल्या गावसभेच्याच दिवशी ठेवली, कारण काटकसरी गावकऱ्यांना सभागृह दोनदा तापवण्याचा खर्च नको होता, असे इथे मोठ्या अभिमानाने सांगतात. १९२० साली इतर राज्यांच्या तारखा मागेपुढे झाल्या आणि पहिला क्रमांक आपोआप या राज्याकडे आला. सुरुवातीला लोक केवळ पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी निवडत असत. १९४९च्या कायद्याने अध्यक्षपदाच्या इच्छुकांची नावे थेट मतपत्रिकेवर आली आणि १९५२ साली आयझेनहॉवर यांच्या विजयाने या निवडणुकीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. पुढे १९७५ साली राज्याने आपली प्रायमरी पहिली ठेवण्यासाठी कायदाच केला. आजच्या कायद्याप्रमाणे ती इतर कोणत्याही राज्याच्या तशा निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी झाली पाहिजे आणि तिची तारीख राज्य सचिव ठरवतात.

२०२३च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीने नवे वेळापत्रक मंजूर करून पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. कृष्णवर्णीय मतदारांवर उभ्या असलेल्या पक्षाने आपली निवड जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या राज्यापासून का सुरू करावी, हा त्यामागचा प्रश्न रास्तच होता. २०२० साली बायडन न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते आणि साउथ कॅरोलायनाने त्यांना वाचवले होते, हेही कोणी विसरले नव्हते. राज्याने आपल्या कायद्याकडे बोट दाखवले आणि राज्य सचिव डेव्हिड स्कॅनलन यांनी २३ जानेवारी ही तारीख जाहीर केली. पक्षाचा नियम मोडणाऱ्या निवडणुकीत पक्षाच्याच राष्ट्राध्यक्षांनी उतरणे शक्य नव्हते, म्हणून बायडन यांनी अर्ज भरला नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पक्षाच्या समितीने स्थानिक शाखेला पत्र पाठवून ही निवडणूक ‘निरर्थक’ असल्याचे मतदारांना समजावून सांगा, असे कळवले. त्यावर राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने, असे सांगणे म्हणजे मतदारांना मतदानापासून परावृत्त करणे आहे, ते थांबवा, असा आदेश काढला.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसले आणि दोन्ही बाजूंचा थोडा रागही आला. पहिले असण्याचा हक्क या राज्याने स्वतःच्या कायद्यात स्वतःच लिहून घेतला आहे. उद्या दुसऱ्या एखाद्या राज्याने शब्दशः तसाच कायदा केला तर काय, असे मी विधानभवनात माहिती देणाऱ्या वयस्क गृहस्थांना विचारले. ते हसून म्हणाले की मग आमची प्रायमरी नाताळच्या आधी होईल. परंतु ज्या निवडणुकीत लोक मत देणार आहेत तिला पक्षाने निरर्थक म्हणावे, हे निवडणुकीच्या कामात हयात घालवलेल्या माणसाला सहन होणारे नव्हते.

शनिवार, २० जानेवारी : मँचेस्टर

मँचेस्टर हे राज्यातले सर्वांत मोठे शहर मेरिमॅक नदीकाठच्या कापडगिरण्यांवर उभे राहिले, आणि गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या लांबलचक विटांच्या इमारतींत कचेऱ्या आणि महाविद्यालये आली. मुख्य रस्ता एल्म स्ट्रीट. या दिवसांत तिथे चालताना दर शंभर पावलांवर कोणीतरी माइक पुढे करतो, आणि आम्ही मतदार नाही असे कळताच तितक्याच तत्परतेने मागे घेतो. रेड ॲरो नावाच्या १९२२पासूनच्या छोट्या खानावळीत अध्यक्षपदाचे इच्छुक हमखास येऊन जातात, आणि ते कुठे बसले होते ते सांगणाऱ्या पट्ट्या तिथे लावलेल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा आत गिऱ्हाइकांपेक्षा वार्ताहर अधिक होते, त्यामुळे कॉफी मिळायला वेळ लागला.

संध्याकाळी शहरातल्या बंदिस्त क्रीडागारात डॉनल्ड ट्रम्प यांची सभा होती. तापमान शून्याच्या बरेच खाली होते आणि दुपारपासूनच इमारतीला वळसा घालून रांग लागलेली होती. टोप्या, झेंडे आणि बिल्ले विकणाऱ्यांचा धंदा जोरात होता; मुलीने मोटारींच्या पाट्या पाहून सांगितले की यांतल्या बऱ्याच मॅसॅच्युसेट्स, मेन आणि त्याहूनही दूरच्या राज्यांतल्या आहेत. ट्रकमधून माणसे आणलेल्या सभा मी गावाकडे पाहिल्या आहेत, इथे मात्र लोक स्वखर्चाने येऊन थंडीत तासन्तास उभे होते. तरीही सभेच्या गर्दीवरून मतांचा अंदाज बांधू नये हा आपला जुना धडा इथेही लागू होता.

पाच दिवसांपूर्वी आयोवामध्ये, जिथे प्रायमरीऐवजी पक्षसभांत (कॉकसमध्ये) मत नोंदवतात, रिपब्लिकन उमेदवारीच्या चुरशीत ट्रम्प यांनी एक्कावन्न टक्के मते मिळवली होती. रॉन डीसँटिस आणि निकी हेली त्यांच्या खूप मागे राहिले होते आणि विवेक रामस्वामी यांनी त्याच रात्री माघार घेऊन ट्रम्प यांना पाठिंबा दिला होता. या सभेचा खरा रोख हेली यांच्यावर होता. त्या साउथ कॅरोलायनाच्या माजी राज्यपाल, म्हणून त्याच राज्याचे विद्यमान राज्यपाल हेन्री मॅकमास्टर आणि इतर पुढाऱ्यांना व्यासपीठावर उभे करून ट्रम्प यांनी दाखवून दिले की यांच्या घरातली माणसे माझ्याकडे आहेत. घरचा भेदी फोडून आणण्याची ही रीत मला अगदी ओळखीची वाटली. आदल्या दिवशी समाजमाध्यमावर त्यांनी हेली यांच्या मूळच्या पंजाबी नावाची, निमरताची, मोडतोड करून टवाळी केली होती. भोवतालच्या लोकांना त्यात विशेष काही वाटल्याचे दिसले नाही. मुलगी मात्र सभा संपेपर्यंत फारशी बोलली नाही.

नॅशुआच्या घरी पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर प्रचारपत्रकांचा ढीग पडला होता. जाड, गुळगुळीत कागदाची ही पत्रके रोज टपालाने येतात आणि फोनही सतत वाजत असतो. मैत्रीण आणि तिचा नवरा दोघेही ‘अनडिक्लेअर्ड’ मतदार आहेत, म्हणजे यादीत त्यांच्या नावापुढे कोणताही पक्ष लिहिलेला नाही. राज्यातल्या मतदारांत हाच गट सर्वांत मोठा आहे, आणि प्रायमरीच्या दिवशी या मतदारांना दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागलेले असतात.

रविवार, २१ जानेवारी : एक्झिटर

दुपारी आम्ही समुद्राच्या बाजूला, एक्झिटरकडे निघालो. वाटेत मुलीच्या फोनवर बातमी आली की डीसँटिस यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध करून माघार घेतली आहे आणि ट्रम्प यांना पाठिंबा दिला आहे. फ्लोरिडाचे हे राज्यपाल वर्षापूर्वी ट्रम्प यांचे वारसदार मानले जात होते. आयोवाच्या मतदानानंतर आठवडाही झाला नव्हता. मतपत्रिका केव्हाच छापून झाल्या होत्या, म्हणून त्यांचे नाव मंगळवारी तसेच राहणार होते. आपल्याकडे अर्ज मागे घेण्याची एक ठरावीक तारीख असते आणि मगच अंतिम यादी छापतात. इथे माघार ही केवळ घोषणा असते. ‘आता एक पुरुष आणि एक बाई उरली आहे’ अशा आशयाचे हेली यांचे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरत होते.

एक्झिटरच्या हायस्कुलातली त्यांची सभा ट्रम्प यांच्या सभेच्या मानाने लहान, पण खचाखच भरलेली होती. दूरचित्रवाणीवरच्या न्यायाधीश म्हणून घराघरांत ओळखल्या जाणाऱ्या जूडी शाइंडलिन यांनी त्यांची ओळख करून दिली. हेली यांचे भाषण नेटके आणि ठरीव होते; दक्षिण कोरियापासून राष्ट्रीय कर्जापर्यंत सगळे मुद्दे त्या न अडखळता मांडत गेल्या, आणि ट्रम्प-बायडन असा सामना पुन्हा व्हावा असे बहुसंख्य अमेरिकनांना वाटत नाही, हे त्यांनी अनेकदा सांगितले. डिसेंबरात न्यू हॅम्पशायरचे तेव्हाचे राज्यपाल ख्रिस सुनुनू यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला होता आणि दहा जानेवारीला आणखी एक इच्छुक ख्रिस ख्रिस्ती यांनी माघार घेतल्यामुळे ट्रम्पविरोधी मते एकवटण्याची शक्यता निर्माण झाली होती. सभागृहात माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त परिचारिका म्हणाल्या की त्या नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कधीच रिपब्लिकन उमेदवाराला मत देत नाहीत, पण मंगळवारी रिपब्लिकन मतपत्रिका मागणार आहेत. हे ऐकून मी चमकले. विरोधी पक्षाचा उमेदवार कोण असावा हे आपण ठरवायचे, हे मला पक्षशिस्तीच्या दृष्टीने विपरीत वाटले. त्यांना मात्र त्यात गैर काहीच दिसत नव्हते. ‘दोघांपैकी कोणीतरी एक माझा अध्यक्ष होणारच आहे, मग दोन्हीकडे बरा माणूस असावा, एवढेच,’ असे त्या म्हणाल्या.

सोमवार, २२ जानेवारी : नॅशुआ

सकाळी नॅशुआत एकच चर्चा होती. आदल्या दिवशी राज्यातल्या अनेक मतदारांना फोन आले होते आणि त्यांत बायडन यांच्या आवाजात सांगितले होते की मंगळवारी मत देऊ नका, तुमचे मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला होता. महाधिवक्ता कार्यालयाने त्या सोमवारीच चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले. पुढे एका राजकीय सल्लागाराने ते काम आपण करवून घेतल्याचे मान्य केले आणि संघराज्याच्या दूरसंचार आयोगाने त्याला साठ लाख डॉलरचा दंड ठोठावला. मतदारांना घाबरवून किंवा फसवून घरी बसवण्याचे प्रकार मला नवे नव्हते. परंतु उमेदवाराचाच आवाज वापरून त्याच्याच मतदाराला थांबवायचे, हा प्रकार अंगावर काटा आणणारा होता.

त्या फोनचा नेम नेमका ‘राइट-इन’ मोहिमेवर होता. मतपत्रिकेच्या शेवटी एक रिकामी ओळ असते. छापील नावांपैकी कोणीच नको असेल तर तिथे हव्या त्या माणसाचे नाव लिहायचे आणि शेजारचा लंबगोल काळा करायचा. बायडन यांनी अर्ज भरला नव्हता, तरी त्यांच्या स्थानिक समर्थकांनी स्वतंत्रपणे ही मोहीम उभी केली होती. चौकाचौकांत हातात फलक घेऊन उभे असलेले हे बहुतेक साठीपलीकडचे स्वयंसेवक लोकांना नाव लिहायला शिकवत होते. मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स छापील नावांपैकी होते आणि अध्यक्षांचे वय हाच मुद्दा घेऊन फिरत होते. गाझातील युद्ध थांबवण्याची मागणी करणारे काही कार्यकर्ते त्याच रिकाम्या ओळीत ‘युद्धबंदी’ असे लिहा, म्हणून सांगत होते.

न्यू हॅम्पशायरला या रिकाम्या ओळीची जुनी सवय आहे. १९६४ साली हेन्री कॅबट लॉज सायगावमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, त्यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते आणि ते प्रचाराला आलेही नव्हते. तरी लोकांनी त्यांचे नाव लिहून गोल्डवॉटर आणि रॉकफेलर या दोघा रिपब्लिकन इच्छुकांना हरवले. १९६८ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे नावही छापलेले नव्हते. ते लिहून दिलेल्या मतांवर सुमारे एकोणपन्नास टक्के मिळवून जिंकले, पण व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे युजीन मॅकार्थी बेचाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचले; तो विजय पराभवासारखा ठरला आणि मार्चअखेर जॉन्सन यांनी पुन्हा उभे न राहण्याची घोषणा केली. मी हे त्या दिवशी एका स्वयंसेविकेकडून ऐकले तेव्हा तिला त्यात कसलाही अपशकुन वाटत नव्हता. सहा महिन्यांनी, २१ जुलैला, बायडन यांनीही माघार घेतली, जरी त्याची कारणे अगदी निराळी होती.

कॅनडाच्या सीमेजवळच्या डिक्सव्हिल नॉच या वस्तीत मध्यरात्री बारा वाजता मतदान होते आणि काही मिनिटांत निकाल लागतो. ही प्रथा १९६०पासूनची आहे. हिवाळ्यात रात्री डोंगरातून तीन तास मोटार चालवण्याचा बेत आम्ही रद्द केला आणि टीव्हीवर ते पाहिले. मतदार सहा होते, कॅमेरे त्यांच्याहून कितीतरी अधिक. सहाही मते हेली यांना मिळाली. मतदानाची गुप्तता या शब्दाला तिथे काही अर्थ उरत नाही, आणि तो सोहळा मला थोडा पोरकट वाटला.

मंगळवार, २३ जानेवारी : मतदान

नॅशुआत सकाळी सहाला मतदान सुरू होते आणि रात्री आठला संपते. आम्ही गेलो ते केंद्र एका शाळेच्या व्यायामशाळेत होते. दाराबाहेर दोऱ्या लावून मतदारांसाठी वाट मोकळी ठेवलेली होती आणि दोहो बाजूंना ट्रम्प, हेली, फिलिप्स आणि ‘बायडन यांचे नाव लिहा’ असे फलक घेतलेले लोक एकमेकांना खेटून उभे होते. ते आपसात कॉफी वाटून घेत होते. आत मात्र प्रचाराची टोपी किंवा बिल्लाही चालत नाही.

मतदानाच्या जागेला एक कठडा घातलेला असतो आणि त्याच्या बाहेर उभे राहून कोणालाही कामकाज पाहता येते. आम्हाला कोणी ओळखपत्रही विचारले नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते. मतदार टेबलाशी येऊन आपले नाव आणि पत्ता सांगतो, कर्मचारी ते मोठ्याने पुन्हा उच्चारते, छायाचित्राचे ओळखपत्र पाहते आणि छापील यादीत खूण करते. आपल्या पहिल्या मतदान अधिकाऱ्याचेच हे काम, फरक इतकाच की त्यानंतर बोटाला शाई लागत नाही. अनडिक्लेअर्ड मतदाराला एक जादा प्रश्न असतो : कोणती मतपत्रिका? उत्तर सर्वांसमक्ष द्यावे लागते आणि यादीत त्याची नोंद होते. नाव यादीतच नसेल तर त्याच दिवशी नोंदणी करून मत देता येते. त्यासाठी वेगळ्या टेबलावर बरीच गर्दी होती. यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसांचे चेहरे मला आजही आठवतात, त्यामुळे या टेबलाचा मला हेवा वाटला.

सर्वांत मोठा फरक माणसांचा होता. आपल्याकडे केंद्रावरचे कर्मचारी मुद्दाम बाहेरच्या भागातून नेमतात, म्हणजे ओळखीपाळखीचा संशय नको. इथे केंद्राची प्रमुख असलेली ‘मॉडरेटर’ त्याच प्रभागात राहते आणि त्याच मतदारांनी तिला निवडून दिलेले असते. गावांत मतदारयादीची जबाबदारी सांभाळणारे पर्यवेक्षकही असेच निवडून आलेले असतात. येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या माणसाशी ही मॉडरेटर नावाने बोलत होती. आपल्या नियमांच्या चौकटीतून पाहिले तर ही सरळसरळ अनियमितता ठरेल. इथे विश्वास अनोळखीपणावर उभा नाही, कठड्याबाहेर कोणीही उभे राहू शकते यावर तो उभा आहे, असे मला दिवसभर पाहून वाटले.

मैत्रिणीने रिपब्लिकन मतपत्रिका मागितली, तिच्या नवऱ्याने डेमोक्रॅटिक. मत टाकून झाल्यावर दोघेही दाराजवळच्या टेबलाशी गेले आणि एका कागदावर सही करून पुन्हा अनडिक्लेअर्ड झाले, कारण तसे केले नाही तर ते त्या त्या पक्षाचे म्हणून यादीत राहिले असते. पक्षाचे सदस्यत्व दहा मिनिटांपुरते घ्यायचे आणि जाताना परत करायचे! आपल्या पक्षांतरबंदी कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसाने हे टेबल एकदा पाहावे. पूर्ण डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांना मात्र ही मुभा नव्हती. त्यांना पक्ष बदलायचा तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बदलावा लागला होता, आणि सुमारे चार हजार जणांनी तसे केलेही होते.

रात्री आठला दारे बंद झाली आणि त्याच मिनिटाला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ट्रम्प विजयी झाल्याचे जाहीर केले. केंद्रावरच्या लोकांनी ते ऐकले आणि आपले काम चालू ठेवले. मतपत्रिका वाचणारी जुनी यंत्रे छापील नावांची मते मोजतात, पण हाताने नाव लिहिलेली मतपत्रिका ओळखून ती पेटीच्या वेगळ्या कप्प्यात टाकतात. तो कप्पा उघडला तेव्हा जाड गठ्ठे निघाले. एरवी त्यात विनोदी नावांच्या चार-दोन चिठ्ठ्या असतात, या वेळी डेमोक्रॅटिक बाजूची बहुतेक निवडणूकच त्यात होती. त्यासाठी जादा माणसे बोलावलेली होती. दोघादोघांच्या जोड्या टेबलांवर बसल्या. एक वाचत होता, दुसरा रेघा ओढत होता, आणि पाच रेघांची एक जुडी होत होती.

या मोजणीने मला जखडून ठेवले. कागदी मतपत्रिकेच्या काळात मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण किंवा लेखन मतपत्रिकेवर आढळले की ते मत बाद, हा नियम आम्हाला प्रशिक्षणात पढवला जाई. शिक्का सोडून पेनाने ओढलेली रेघ दिसली तरी मोजणीच्या टेबलावर प्रतिनिधी हमरीतुमरीवर येत. आणि इथे मतदाराचे हस्ताक्षर हेच मत होते. कोणी पूर्ण नाव लिहिले होते, कोणी केवळ आडनाव, कोणी ‘जो’ एवढेच, आणि आडनावाची स्पेलिंगे तर मन मानेल तशी होती. मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर मत ग्राह्य, असा इथला नियम आहे, आणि शंका आली की मॉडरेटर येऊन कागद उजेडात धरत असे. कोणीही आवाज चढवला नाही. काही मतपत्रिकांवर ‘युद्धबंदी’ असे लिहिलेले होते. तीही मते बाजूला नोंदली गेली. राज्यभरात अशी हजारावर मते निघाली, असे नंतर प्रसिद्ध झाले.

त्याच वेळी कॉन्कॉर्डमध्ये हेली आपल्या समर्थकांना सांगत होत्या की न्यू हॅम्पशायर देशात पहिले आहे, शेवटचे नाही. आणि नॅशुआतच, आमच्यापासून काही मैलांवर, ट्रम्प विजयाच्या भाषणात त्यांच्या कपड्यांवरून शेरे मारत होते. मुलीने फोनवर दोन्ही भाषणे दाखवली. मी थोडी पाहिली आणि पुन्हा टेबलांकडे वळले.

बुधवार, २४ जानेवारी : परतीचा रस्ता

सकाळपर्यंत आकडे स्थिरावले होते. ट्रम्प यांना सुमारे ५४ टक्के आणि हेली यांना सुमारे ४३ टक्के मते पडली. मतांच्या प्रमाणात पक्षाच्या अधिवेशनाला जाणाऱ्या बावीस प्रतिनिधींची वाटणी तेरा आणि नऊ अशी झाली. बायडन यांना एकही छापील चौकट नसताना जवळजवळ ६४ टक्के मते मिळाली आणि फिलिप्स सुमारे वीस टक्क्यांवर राहिले. त्या विजयातून बायडन यांना त्या दिवशी एकही प्रतिनिधी मिळाला नाही, कारण पक्षाने निवडणूकच अमान्य केली होती. वसंत ऋतूत राज्यशाखेने पक्षाला मान्य होईल अशी एक छोटी निवड प्रक्रिया पार पाडली, समितीने नमते घेतले आणि न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधींना ऑगस्टच्या अधिवेशनात जागा मिळाल्या.

फेब्रुवारीत मुलीच्या घरी मॅसॅच्युसेट्सची मतपत्रिका टपालाने आली. तीही पक्षनोंदणी न केलेली मतदार आहे आणि तिने रिपब्लिकन मतपत्रिका मागवली होती. त्यावर सात नावे होती : डीसँटिस, ख्रिस्ती आणि रामस्वामी यांचीसुद्धा, जे न्यू हॅम्पशायरच्या मतदानाआधीच बाहेर पडले होते. तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘आई, यातली किती माणसे अजून शर्यतीत आहेत ते तूच सांग.’ ५ मार्चला मॅसॅच्युसेट्ससह पंधरा राज्यांत मतदान झाले. त्यांतले एकटे व्हर्माँट हेली यांच्या वाट्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. उरलेल्या राज्यांतल्या प्रायमऱ्या त्यानंतरही ठरल्याप्रमाणे जूनपर्यंत होत राहिल्या.